मेणबत्त्या, कंटेनर आणि तीस महिन्यांची अट

१० जून २००८च्या पहाटे दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सेऊलच्या सेजोंग रस्त्यावर क्रेन आल्या आणि मालवाहू कंटेनर एकावर एक रचले जाऊ लागले. बंदरात जहाजावर चढवतात तेच कंटेनर. उजाडेपर्यंत क्वांगह्वामुन भागात, सोळाव्या शतकातला नौसेनापती यी सुन-शिन याच्या पुतळ्यापाशी, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दुमजली लोखंडी भिंत उभी राहिली. कंटेनर वेल्डिंग करून एकमेकांना जोडले होते. कोणी चढू नये म्हणून वरून ग्रीस फासलं होतं. भिंतीपलीकडे थोड्या अंतरावर राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक यांचं निवासस्थान होतं. लोकांनी भिंतीला लगेच नाव दिलं, 'म्युंगबाकचा गड'. व्यापार वाढावा म्हणून अमेरिकी बीफला दार उघडणाऱ्या कराराविरुद्ध आलेली माणसं अडवायला सरकारने व्यापाराचेच डबे रस्त्यात आडवे घातले होते.

त्या संध्याकाळी हातात कागदी पेला आणि त्यात मेणबत्ती घेऊन माणसं जमली. पोलिसांच्या मते ८० हजार, आयोजकांच्या मते एकट्या सेऊलमध्ये ७ लाख. मोर्च्याच्या आकड्यातली ही तफावत आपल्यालाही नवी नाही. कमी आकडा खरा धरला तरी एक प्रश्न उरतोच. कोरिया आणि अमेरिका १९५३पासूनचे लष्करी मित्र. अमेरिकेचे हजारो सैनिक कोरियाच्या भूमीवर कायमचे तैनात. मुक्त व्यापार कराराची कोरियन उद्योगांना घाई झालेली. नव्या राष्ट्राध्यक्षांना सत्तेवर येऊन चार महिनेही झाले नव्हते, आणि निवडणूक त्यांनी ५० लाखांहून जास्त मतांच्या फरकाने जिंकली होती. मग एवढी माणसं बीफच्या प्रश्नावर रस्त्यावर का आली?

थोडं मागे जावं लागेल. डिसेंबर २००३मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गाईला 'मॅड काऊ' म्हणजे बीएसई हा रोग असल्याचं निष्पन्न झालं. हा रोग गुरांच्या मेंदूची अक्षरशः चाळण करतो, आणि गुरांना गुरांच्याच हाडामांसाची भुकटी खाऊ घातल्याने पसरतो. रोगी गुराचं मांस खाल्ल्याने माणसालाही तसाच मेंदूचा आजार जडू शकतो. (भारत दुधाच्या पदार्थांच्या आयातीसाठी 'जनावराला प्राणिजन्य खाद्य दिलेलं नाही' असा दाखला मागतो आणि अमेरिका त्यावर वर्षानुवर्षं कुरकुरते, त्या भांडणातही मुद्दा या खाद्याचाच आहे.) कोरियाने तातडीने अमेरिकी बीफ बंद केलं. तोवर अमेरिकी बीफसाठी कोरिया जगातल्या पहिल्या तीन बाजारपेठांत होता, त्यामुळे मोंटानासारख्या गुरं पाळणाऱ्या राज्यांचे सिनेटर ही बंदी विसरायला तयार नव्हते.

२००६च्या सुरुवातीला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्यून यांच्या सरकारने अमेरिकेशी मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी जाहीर केल्या. वाटाघाटी सुरू व्हाव्यात म्हणूनच आधी काही गोष्टी सोडाव्या लागल्या. कोरियन चित्रपटगृहांवर वर्षातले १४६ दिवस देशी चित्रपट दाखवण्याचं बंधन होतं, ते ७३ दिवसांवर आलं, आणि नामांकित नट एकेकटे फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले. तांदूळ करारातून बाहेर ठेवला गेला. १ एप्रिल २००७ला, वाटाघाटी शेवटच्या टप्प्यात असताना, ज्या हॉटेलात त्या चालल्या होत्या त्याच्या बाहेर एका टॅक्सीचालकाने स्वतःला पेटवून घेतलं. दोन आठवड्यांनी तो गेला. करारावर सह्या झाल्या ३० जून २००७ला. एवढं सगळं होऊनही विरोध शेतकरी संघटना, कामगार संघटना आणि डावे पक्ष यांच्यापुरताच राहिला. मध्यमवर्गाने बातम्या वाचल्या आणि तो कामाला लागला. बीफचा प्रश्न मात्र करारात सुटलाच नव्हता. आधी बीफ, मग मंजुरी, असं अमेरिकी काँग्रेसचं म्हणणं होतं.

आता २००८चा एप्रिल. ९ तारखेला कोरियात संसदेची निवडणूक झाली आणि ली यांच्या पक्षाला बहुमत मिळालं. ११ तारखेला बीफच्या वाटाघाटी सुरू झाल्या. १८ला करार झाला. १९ला ली कॅम्प डेव्हिडमध्ये, म्हणजे अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थानी, जॉर्ज बुश यांच्या शेजारी उभे होते. त्या जागी आमंत्रण मिळालेले ते पहिले कोरियन राष्ट्राध्यक्ष, आणि तिथल्या गोल्फ कार्टचं चाक बुश यांनी त्यांच्याच हाती दिलं होतं. या चार तारखा ओळीने लिहून काढल्या की पुढचं समजायला फार काही लागत नाही. पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही, हे कोरियातही कळतं आणि आपल्याकडेही. पण ही भेटवस्तू दुसऱ्याच्या ताटातली होती.

करारात होतं काय? हा रोग मुख्यतः वय वाढलेल्या गुरांत दिसतो, म्हणून वयाची मर्यादा महत्त्वाची. तोवर तीस महिन्यांखालच्या गुरांचं, हाडाविना बीफच तेवढं येऊ शकत होतं, आणि तेही हाडाचे बारीक तुकडे सापडल्याने अडकून पडलं होतं. आता टप्प्याटप्प्याने सर्व वयांच्या गुरांचं, हाडांसकट बीफ यायचं होतं. रोगाचा सर्वाधिक धोका असलेले ठरावीक अवयव तेवढे वगळायचे होते. आणखी एक कलम होतं आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच पेटलं. अमेरिकेत रोगाचं नवं जनावर सापडलं, तरी आंतरराष्ट्रीय पशुआरोग्य संघटना अमेरिकेची श्रेणी खाली आणत नाही तोवर कोरियाला आयात थांबवता येणार नव्हती. आपल्या बंदरावरचं दार लावायचं की नाही, हे त्या संघटनेच्या पॅरिसमधल्या मुख्यालयात ठरणार. या हक्काला कोरियन लोकांनी 'तपासणीचं सार्वभौमत्व' म्हटलं. व्यापार करारांच्या चर्चेत असला शब्द सहसा वकिलांच्या तोंडी असतो. इथे तो भाजीवाल्यांच्या तोंडी आला.

स्वयंपाकघराचाही विचार करायला हवा, कारण वॉशिंग्टनमध्ये तो कोणी केल्याचं दिसत नाही. अमेरिकेत बीफ म्हणजे स्टेक आणि खिमा. कोरियात गुराचं बहुतेक काहीच वाया जात नाही. हाडं तासन्‌तास उकळून पांढरा सल्लंगथांग करतात, आपल्या पाया सूपच्या जातीचा. शेपटीचा रस्सा होतो, वजडी निखाऱ्यावर भाजून खातात. रोगाच्या दृष्टीने ज्या भागांकडे संशयाने बघायचं, त्यातलेच काही तिथे आवडीचे. 'अमेरिकेतले ३० कोटी लोक हेच बीफ खातात' हे सरकारचं उत्तर ऐकायला सरळ होतं, पण ते ताटाकडे न बघता दिलेलं होतं.

२९ एप्रिलला एमबीसी वाहिनीवर या विषयावरचा एक शोधपत्रकारितेचा कार्यक्रम लागला. कॅलिफोर्नियातल्या कत्तलखान्यात उभ्या राहू न शकणाऱ्या गाईंना यंत्राने ढकलत नेतानाची दृश्यं त्यात होती. ती दृश्यं खरी होती. त्याच प्रकरणावरून अमेरिकेत फेब्रुवारीत मांस परत मागवण्याची तोवरची सर्वात मोठी कारवाई झाली होती. पण त्या गाई मॅड काऊच्या रोगी असल्यासारखं दाखवणं खरं नव्हतं. कोरियन लोकांना त्यांच्या जनुकांमुळे हा आजार इतरांपेक्षा कितीतरी सहज जडेल, हा दावाही टिकणारा नव्हता. कार्यक्रम पाहून लोक घाबरले, यात शंका नाही. अमेरिकेत तोवर तीन रोगी गुरं सापडली होती. अमेरिकी बीफ खाऊन कोणाला हा आजार झाल्याची नोंद नव्हती. भीतीचा आकार आणि धोक्याचा आकार यांचा मेळ नव्हता, हे मान्यच करावं लागतं.

तरीही फक्त भीतीनेच सगळं झालं असं म्हणणाऱ्यांना एका गोष्टीचं उत्तर द्यावं लागेल. २ मे रोजी छंगग्येछन ओढ्याच्या तोंडाशी पहिली मेणबत्ती सभा झाली, तेव्हा तिथे सर्वात जास्त कोण होतं? गणवेशातल्या शाळकरी मुली. (हा बुजवलेला ओढा पुन्हा मोकळा करणं हेच महापौर म्हणून ली यांचं सर्वात गाजलेलं काम. त्यांच्याविरुद्धची पहिली सभा त्यांच्याच ओढ्याकाठी भरली.) मुलींच्या फलकांवर 'जेवू द्या, झोपू द्या' होतं. एकीवर होतं, 'मी आत्ताशी पंधराच वर्षं जगलेय'. झोपेचा संबंध एप्रिलमध्येच आलेल्या शिक्षणधोरणाशी होता, ज्यामुळे पहाटेचे जादा तास परत येण्याची धास्ती होती. जेवणाचा संबंध शाळेच्या जेवणघराशी. मोठ्या माणसाला दुकानात अमेरिकी बीफ नको असेल तर तो दुसरं घेईल. शाळेत जे ताटात पडेल ते खावं लागतं. लष्करी सेवेतल्या पोरांचंही तेच. स्वस्त मांस कुठे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे ज्यांना निवडता येत नाही ते सर्वात आधी आले. हे जनुकांच्या गप्पांनी घाबरून झालेलं वर्तन नाही, हा अगदी रोकडा हिशेब आहे.

मग गर्दी वाढत गेली आणि तिचा स्वभावही वेगळा दिसू लागला. आया बाबागाड्या ढकलत आल्या. (त्यातल्या काहींना पोलिसांनी महिन्यांनंतर चौकशीला बोलावलं, हेही सांगून टाकतो.) घोषणांबरोबर राज्यघटनेचं पहिलं कलम गाण्यासारखं म्हटलं जाऊ लागलं: कोरिया हे लोकशाही प्रजासत्ताक आहे आणि सर्व सत्ता लोकांकडून येते. पोलीस माणसांना जाळीच्या बसमध्ये भरू लागले तेव्हा लोक रांगेत उभे राहून आपणहून बसमध्ये चढू लागले आणि या प्रकाराला 'खुराडा सहल' म्हणू लागले. मेच्या शेवटच्या रात्री पाण्याचे फवारे सुटले तेव्हा मात्र हसणं थांबलं. मेणबत्ती सभेचा रिवाज २००२चा. अमेरिकी लष्करी वाहनाखाली दोन शाळकरी मुली चिरडल्या गेल्या आणि अमेरिकी लष्करी न्यायालयात सैनिक निर्दोष सुटले, तेव्हापासूनचा. २००८मध्ये पेटवलेल्या मेणबत्तीत ती आठवण होती. मित्रराष्ट्रावरचा राग आणि मित्रराष्ट्रापुढे आपलं सरकार खाली बघतं याचा राग, हे दोन निराळे राग आहेत. क्वांगह्वामुनला दुसरा जास्त होता.

सरकारने काय केलं? वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या, शास्त्रज्ञ उभे केले, अफवांना उत्तरं दिली. ८ मेच्या जाहिरातीत तर वचनच दिलं की रोग आढळला तर आयात ताबडतोब थांबवू. मग करारातल्या त्या कलमाचं काय, हे लोकांनी विचारणं ओघानेच आलं. मेमध्ये या हक्काबद्दल अमेरिकेकडून एक पत्र आणलं गेलं, पण कराराचा मूळ मजकूर तसाच. त्यातच कृषी मंत्रालयाने कबूल केलं की अमेरिकेच्या गुरांच्या खाद्याबद्दलच्या नव्या नियमाचं भाषांतर करताना चूक झाली. तपासणीत नापास झालेलं कोणतंच जनावर खाद्यात जाणार नाही असं मंत्रालय सांगत होतं, आणि प्रत्यक्षात नियमात कमी वयाच्या गुरांना त्यातून सूट होती. इंग्रजीतल्या एका 'नसेल तर'ने घात केला. कागद नीट न वाचता सही केली, ही लोकांची शंका सरकारने स्वतःच्या तोंडाने खरी केली. वर अमेरिकी राजदूतांनी कोरियन लोकांनी अमेरिकी बीफमागचं विज्ञान जरा जास्त समजून घ्यावं अशा अर्थाचं विधान केलं. विज्ञान त्यांच्याच बाजूचं होतं, म्हणून तर ते वाक्य अधिक झोंबलं.

१० जून ही तारीख १९८७च्या लोकशाही आंदोलनाच्या एकविसाव्या वर्षदिनाची. त्याच दिवशी मंत्रिमंडळाने राजीनामे देऊ केले. राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता वीस टक्क्यांच्या आसपास घसरली होती. १९ जूनला ली यांनी महिन्याभरात दुसऱ्यांदा माफी मागितली. त्यात ते म्हणाले की १० तारखेच्या रात्री निवासस्थानामागच्या टेकडीवर बसून त्यांनी मेणबत्त्यांच्या रांगा पाहिल्या, आणि आपण फार पूर्वीपासून आवडीने गात आलो ते गाणं गर्दीतून ऐकू आलं. ली स्वतः १९६४मध्ये जपानशी होणाऱ्या कराराविरुद्धच्या विद्यार्थी आंदोलनात तुरुंगात गेलेले. म्हणजे गर्दीच्या त्या बाजूला काय असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. एवढा अनुभव असलेल्या माणसाने हे ओळखू नये, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

२१ जूनला जादा तडजोड जाहीर झाली. ग्राहकांचा विश्वास परत येईपर्यंत अमेरिकी निर्यातदार 'स्वेच्छेने' तीस महिन्यांखालच्या गुरांचंच बीफ पाठवतील आणि अमेरिकी सरकार वयाचा दाखला देईल. मूळ करार रद्द झाला नाही, त्यातलं वाक्य बदललं नाही, बाजूला एक अट टेकवली गेली. जुलैत बीफ दुकानांत आलं. त्याच महिन्यात लहानमोठ्या सगळ्या खाणावळींना मांस कुठल्या देशाचं हे लिहिणं सक्तीचं झालं. एका बड्या वृत्तपत्राने ग्राहक मिटक्या मारत अमेरिकी बीफ खात असल्याचा फोटो छापला. ते ग्राहक म्हणजे त्याच वृत्तपत्रातली माणसं निघाली आणि संपादकांना माफी मागावी लागली. निदर्शनं मात्र ओसरत गेली.

या सगळ्यात ज्याचं खरोखर नुकसान होणार होतं तो मागेच राहिला. 'हानू' या देशी जातीची गुरं पाळणारा शेतकरी. मुक्त व्यापार करारात बीफवरचं ४० टक्के आयातशुल्क पंधरा वर्षांत शून्यावर यायचं होतं, आणि त्याचं भांडण त्या आकड्याशी होतं. पण शहरी मेणबत्त्यांच्या उजेडात शुल्काचा तक्ता कोणी वाचला नाही. जानेवारी २०१२मध्ये भाव कोसळल्यावर हे शेतकरी गुरं ट्रकमध्ये घालून राजधानीकडे निघाले, तर पोलिसांनी त्यांना महामार्गावरच्या टोलनाक्यांवर परतवलं. बाबागाडीवाल्या आया तेव्हा आल्या नाहीत. आंदोलनावर टीका करायची तर मी इथे करेन.

मुख्य मुक्त व्यापार करार २००८नंतर तीन वर्षं रखडला. अमेरिकेतही कुरबूर होतीच. नोव्हेंबर २०१०मध्ये फोर्डने जाहिरात दिली की कोरियाच्या ५२ गाड्या अमेरिकेत येतात तेव्हा अमेरिकेची एक तिकडे जाते. मोटारींवर पुन्हा बोलणी झाली. २२ नोव्हेंबर २०११ला कोरियन संसदेत एका विरोधी खासदाराने सभागृहातच अश्रुधुराची नळकांडी फोडली आणि डोळे पुसत पुसत १५१ विरुद्ध ७ मतांनी करार मंजूर झाला. विरोध करणाऱ्यांत असा पक्षही होता ज्याच्या सरकारने तो मुळात केला होता. अंमल सुरू झाला १५ मार्च २०१२ला.

पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियात रोगी गाय सापडली. ८ मे २००८च्या जाहिरातीतल्या वचनाची ही परीक्षा होती. सरकारने आयात थांबवली नाही, तपासणी वाढवली. मेणबत्ती सभा झाली, पण छोटी. काही मोठ्या दुकानसाखळ्यांनी अमेरिकी बीफ थोडे दिवस फळीवरून काढलं, इतकंच.

तोवर न्यायालयाचा निकालही आला होता. सप्टेंबर २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एमबीसीच्या पत्रकारांना बदनामीच्या आरोपातून मुक्त केलं, पण कार्यक्रमातला काही भाग असत्य होता असंही म्हटलं. दोन्ही बाजूंनी आपल्या सोयीचं वाक्य उचललं. २०२४मध्ये अमेरिकी बीफ कोरियात २ अब्ज डॉलरच्या वर गेलं आणि ऑस्ट्रेलियाला मागे टाकून पहिल्या क्रमांकावर होतं. ते दाखवून पुष्कळ जण म्हणतात की बघा, २००८ला सगळे खुळावले होते, आता तेच मांस चाटूनपुसून खातात. मला हे पटत नाही. आज खातात ते तीस महिन्यांखालचं, देशाचं नाव लिहिलेलं, नको असेल तर न घेण्याची मुभा असलेलं. २००८च्या एप्रिलमध्ये येणार होतं ते यातलं काहीच नव्हतं. पंगतीत न विचारता वाढलेलं आणि हॉटेलात स्वतः मागवलेलं, पदार्थ तोच असला तरी जेवणारा सारखा नसतो. लोकांच्या बोलण्यातला आजाराचा भाग बराचसा चुकीचा होता, हक्काचा भाग बरोबर होता. सरकार दोन महिने पहिल्या भागाला उत्तर देत राहिलं, कारण तिथे जिंकणं सोपं होतं.

२०१८मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी करार पुन्हा उघडला तेव्हा रस्ते शांत होते. पिकअप ट्रकवरचं अमेरिकी शुल्क लांबवलं गेलं, मोटारींच्या सुरक्षा नियमांत सवलती दिल्या गेल्या. बीफला आणि तांदळाला हात लागला नव्हता.

२०२५च्या उन्हाळ्यात पुन्हा दबाव आला, या वेळी २५ टक्के आयातशुल्काच्या धमकीसह. वयाची अट काढा, ही अमेरिकेची जुनी मागणी पुन्हा पुढे आली. ३० जुलैला समझोता झाला. शुल्क १५ टक्के, बदल्यात ३५० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचं आश्वासन. पैशाच्या बाबतीत कोरिया एवढा वाकला. बीफवर आणि तांदळावर मात्र अडला. वाटाघाटींहून परतल्यावर सांगितलं गेलं की कोरियाच्या व्यापारमंत्र्यांनी अमेरिकी अधिकाऱ्यांना सोबत नेलेला एक फोटो दाखवला होता. २००८चा, मेणबत्त्यांनी भरलेल्या क्वांगह्वामुनचा. तीस महिन्यांची 'तात्पुरती' अट त्या खेपेलाही तशीच राहिली.